त्रेचाळिसावं

पहिले दोन महिने त्यांनी मला दारूला हात लावू दिला नाही.
फक्त पुंगळ्या.
शनिवारी रेंजवर वाकून वाकून गोळा केलेल्या,
काळ्या तोंडाच्या,
काहींत माती, एकीत चक्क मुंगळा.
"आधी पुसायला शीक," रूबेनकाका म्हणाले,
"भरायला काय, कुणीही भरतं."

खडकीत, क्लबच्या मागे पत्र्याची खोली.
भिंतीवर परवाना, फ्रेम केलेला, देवाच्या तसबिरीइतका पुसलेला.
कोपऱ्यात एक ड्रम गरगरायचा,
त्यात पुंगळ्या आणि अक्रोडाच्या टरफलांचा भुगा;
तीन तासांनी पितळ असं निघायचं
की हळदीकुंकवाला काढावं.
मग भिंग घेऊन बसायचं.
मानेपाशी केसाएवढी चीर दिसली की बाद.
शंका आली तरी बाद.
"शंकेला वेगळा डबा नाही आपल्याकडे."

कधी एखादीच्या बुडावरचं साल वाचून ते थांबायचे.
"ह्या साली मी फॅक्टरीत रात्रपाळीला होतो.
कदाचित माझ्याच टेबलावरनं गेली असेल."
आणि ती पुंगळी बादच्या डब्यात टाकायचे,
खिशात नाही.

तिसऱ्या महिन्यात प्रेस.
चार बोल्टांनी टेबलाला जखडलेलं, हिरवं, उसाच्या चरकाइतकं हट्टी.
दांडा खाली ओढला की पुंगळी वर डायमध्ये शिरते,
फुगलेलं अंग आवळून मापात येते,
जुनं प्रायमर टप्पकन वाटीत.
वंगण विसरलं तर अडकते.
अडकली.
काका काही बोलले नाहीत.
पाना, हातोडी आणि अर्धा कप चहा माझ्यासमोर ठेवून
बाहेर पेपर वाचत बसले.
सव्वा तास.

मी रास्ता पेठेत औषधांच्या दुकानात बसते, डी. फार्म. आहे;
मिलिग्रॅमचा हिशेब मला कोण शिकवणार, असं
मनात होतं, आणि बहुतेक चेहऱ्यावरही.

एप्रिल. पत्रा तापलेला. पंखा बंद,
कारण वाऱ्याने तराजूचं पारडं हलतं.
फोन दाराबाहेर खुर्चीवर. गुणगुणायचं नाही.
टेबलावर एका वेळी एकच डबी.
पन्नास पुंगळ्या ट्रेमध्ये उभ्या, शाळेच्या प्रार्थनेसारख्या.
तोलायचं, ओतायचं, तोलायचं, ओतायचं.
मग बॅटरी मारून वरून बघायचं, सगळ्यांची पातळी एक आहे ना.
बाहेर फोन वाजला. मी उठले नाही.
मान फक्त वळली.
बॅटरी मारायची राहिली.

पन्नासही गोळ्या बसवून झाल्यावर
काकांनी डबी पुन्हा तोलली.
हिशेबापेक्षा एक माप जास्त.
"म्हणजे एक उपाशी आहे," ते म्हणाले. "कुठलं?"
मी म्हटलं, वजन करून काढते.
"पितळ पितळासारखं नसतं. सगळी फोड."

एकेक ठोकून उघडलं.
घाम हनुवटीवरून थेंबथेंब.
मधेच वाटलं डबीच चुकली असेल,
मधेच वाटलं म्हाताऱ्याला माझी खोड मोडायचीय.
त्रेचाळिसावं निघालं कोरडं, आतून लख्ख,
धुऊन पालथं घातलेल्या भांड्यासारखं.

"बरं झालं," मी म्हटलं, "रिकामंच होतं. दुप्पट असतं तर?"
"दुप्पट पातळीनेच ओरडतं, बॅटरी मारलीस तर.
रिकामं काय करतं? नुसतं फुस्स.
प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन बसते.
मारणाऱ्याला वाटतं, फुसका बार.
आणि तो पुढचा...?"
पुढचं वाक्य त्यांनी मला पुरं करायला लावलं.
मी केलं.
मोठ्याने बोलायला लावलं.
परत केलं.

त्या दिवशी काहीच भरलं नाही.
दारू मूळ डबीत, झाकण, कुलूप, वहीत सही.
घोरपडीपर्यंत त्यांच्या स्कूटरवर मागे बसून आले;
फाटकाला ते इंजिन बंद करून थांबले,
गाडी गेल्यावरही आधी दोन्ही बाजूंना पाहून.

हल्ली दुकानात मी गोळ्या दोनदा मोजते.
पाकिटावर लिहायच्या आधी उजेडाकडे धरते.
रांगेत चुळबुळ होते, कुणी घड्याळ बघतं,
आणि परवा एक आजोबा काउंटरवर काठी आपटून म्हणाले,
"मोजा हो, सावकाश मोजा,
पण तो पंखा का बंद केलाय?"