सोळा

हामरफेस्ट. डिसेंबर. सकाळचे साडेसात,
म्हणजे रात्रच;
सूर्य आता उगवेल तो जानेवारीत.

भिंतीवरच्या यादीत दोन नावं एका ओळीत:
सुन्निव्हा, रिस्टेन.
कुणी कुणाला निवडलेलं नाही,
आडनावांच्या अक्षरांनी जमवलेली सोयरीक.

दोघींत मिळून एक खोली, दोन रुग्ण, एक वही,
आणि एक मी,
जिला हात न लावण्याचं काम दिलंय.
तर मी खिडकीपाशी स्टुलावर,
दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून.
(तीस वर्षं राबलेल्या हातांना सांगून पाहा,
पट्टी सैल दिसली तरी गप्प बसा म्हणून.)
नियम एवढाच: आधी एकमेकींना विचारा.
दोघींचंही अडलं, तर मी.

पहिला आठवडा नुसती धुसफूस.
सुन्निव्हाची जीभ तिच्या हातांच्या चार पावलं पुढे.
रिस्टेन काराशोकची, शब्द मोजून खर्चणारी.
एकीला म्हाताऱ्याच्या उघड्या पाठीनं घाम फुटतो,
दुसरीला सलाइनच्या थेंबांच्या गणितानं.
चादरीचं एक टोक इकडे, एक तिकडे,
मधे पेडर, एक्क्याऐंशीचा,
दोर ओढून ओढून बोटं आकड्यासारखी वाकलेली:
"पोरींनो, जाळं ओढताय की माणूस झाकताय?"

मग तो बुधवार.
सुन्निव्हानं लिहिलं: ताप, रक्तदाब, नाडी.
श्वास: सोळा.
रिस्टेननं वहीकडे पाहिलं,
मग पेडरच्या पांघरुणाकडे,
मग पुन्हा वहीकडे.
"मोजलेस?"
"हो."
"मिनिटभर?"
सुन्निव्हाचे कान लाल झाले.

तो सोळा माझ्या ओळखीचा आहे.
कितीतरी वॉर्डांत त्याचा कायमचा मुक्काम.
न मोजलेल्या श्वासांचं टोपणनाव,
सोळा आणे खरं दिसणारं.

तळहात तापले. मी उठले नाही.

रिस्टेननं पेडरचं मनगट धरलं, नाडी बघतोय असं भासवून,
कारण श्वास मोजतंय कळलं की माणूस
श्वासातही शिष्टाचार आणतो.
सुन्निव्हानं नजर लावली पांघरुणाच्या निळ्या पट्ट्यावर.
वर. खाली. वर.
ओठ दोघींचे हलत होते, आवाज कुणाचाच नाही.
सेकंदकाटा एवढा आळशी
मी कधी पाहिला नव्हता.

"अठ्ठावीस," रिस्टेन.
"सत्तावीस," सुन्निव्हा.
आणि पहिल्यांदाच दोघींनी
एकदम माझ्याकडे पाहिलं.
मी हात सोडवले.

पुढचं सगळं धावपळीचं: डॉक्टर, एक्स-रे, ऑक्सिजन.
शुक्रवारी पेडर लापशीला नावं ठेवत होता.

पण त्या दुपारी सुन्निव्हा वही घेऊन बसली.
इथं खोडरबर चालत नाही,
चूक वाचता आली पाहिजे.
सोळावर एक सरळ रेघ, शेजारी तारीख, वेळ, सही.
पान वर येत होतं,
रिस्टेननं त्याचा कोपरा बोटानं दाबून धरला.
बोलली नाही.
जेवायलाही दोघी वेगळ्याच टेबलांवर.

घरी येताना पुढे खडी टाकणारी गाडी होती,
तिच्यामागे मीही गोगलगाय.
आणि आठवलं व्हाड्सो,
माझी पहिली रात्रपाळी, एकटीची.
खाट क्रमांक चार.
श्वास: सोळा,
वळणदार अक्षरात, शाळेत बक्षीस मिळालं होतं तसल्या.
सकाळी खाट रिकामी, गादी उलटी टाकलेली.
कुणी म्हटलं नाही, "मिनिटभर?"
माझं अक्षर छान आहे, एवढंच म्हणाले.

गाडीच्या काचेवर माझी वाफ धरते, विरते, धरते.
मी मोजतेय.
आकडा आलाय माझा.
कुणाशी ताडून पाहू?