प्रश्न सत्तावीस

अशोक चौकातल्या क्लासमध्ये
इरेश सर फळ्यावर लिहितात:
आधी हे झालं, मग ते झालं,
म्हणून ह्याच्यामुळे ते.
"मधला धागा शोधा," म्हणतात, "आणि तोडा."

आमच्या घरी तुटलेला धागा
बोटाला थुंकी लावून जोडतात.

वहिनी माघात आली.
चैत्रात माग थांबला.
अम्मा म्हणते, पांढऱ्या पायाची.
खालीलपैकी कोणते विधान हा युक्तिवाद कमकुवत करते?

समोरच्या बोल्लींचाही माग बंद आहे,
आणि त्यांच्याकडे सून नाही.
किंवा: टॉवेलची ऑर्डर दिवाळीतच रद्द झाली होती,
पत्र दादाच्या गादीखाली आहे,
मी वाचलंय.
वहिनीचे पाय हा पर्याय नाही.
तरी सांगते, भेगाळलेले आहेत,
टाचांत तंबाखूची भुकटी.

रात्री जेवताना बोलले सगळं,
पत्रासकट.
वहिनी भाकरीकडे बघत राहिली.
अम्मानं सुपातलं पान कातरलं, तंबाखू भरली,
विडीचं तोंड नखानं दुमडलं.
"मग कुणामुळं?" म्हणाली.

तोडायचं शिकवलंय सरांनी.
त्या जागी काय ठेवायचं,
ते अभ्यासक्रमात नाही.

दादा उठून बाहेर गेला,
दिवसभर तापलेल्या फरशीवर,
चपला न घालता.