निळा नळ

शारजाच्या विमानतळावर
काचेमागच्या पोरसवदा अधिकाऱ्यानं विचारलं,
पहिल्यांदाच येताय?
म्हटलं, जन्म इथला.
त्यानं पासपोर्टची पानं मागेपुढे केली,
चेहरा पाहिला, फोटो पाहिला
आणि साठ दिवस दिले.

रोल्यामागची गल्ली तीच.
इमारतीला नवा रंग, चहात बुडवलेल्या बिस्किटाचा.
लिफ्टमध्ये कुणाच्या तरी घरचा ऊद
आणि कुणाकडचे तरी तळलेले बांगडे,
वर्षानुवर्षं एकमेकांत मुरलेले.
आईनं दार उघडलं. मी म्हटलं, आत येऊ का?
सात वर्षं परक्यांच्या दारात उभं राहून
जिभेला लागलेली सवय.
आई हसली नाही.

सकाळी उठून खिडकी सताड उघडली,
ड्रेस्डेनला रोज उघडायचे तशी,
खोलीतली शिळी हवा जावी म्हणून.
भट्टीचं दार उघडावं तसा जुलै आत आला,
मागोमाग आईचा आवाज,
अगं बये, एसी चालू आहे!

मग न्हाणीघरात
निळ्या खुणेचा नळ सोडला नि हात भाजला.

कशी विसरले?
उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापते,
थंड नळाला कढत पाणी येतं,
आणि बंद ठेवलेल्या गीझरच्या पोटात
घरच्या गारव्यात निवलेलं पाणी थांबून असतं.
लाल म्हणजे गार. निळं म्हणजे सांभाळून.
हे मला अ-आ-इच्या आधी येत होतं.
इतकं, की तिकडे पहिल्याच सकाळी
तोंड धुवायला लाल नळाखाली ओंजळ धरली होती
आणि किंचाळले होते.
तो चटका इथला होता.
हा तिथला.

खाली बीरानिक्काच्या दुकानात आता त्याचा भाचा.
बीरानिक्का कासरगोडला गेला, गुडघे गेले त्याचे.
त्यानं मला कधी नावानं हाक मारली नाही,
ए तीनशे चार, म्हणायचा,
आणि हातावर एक च्युइंगम ठेवायचा, सुट्ट्याऐवजी.
भाच्यानं विचारलं, कौनसा फ्लॅट?
तीनशे चार, मी म्हटलं,
नाव सांगावं तसं.
दही, पुदिना, खुबूसचं पाकीट.
त्यानं आतल्या पोऱ्याला ओरडून सांगितलं,
लिख, तीनशे चार का मेहमान है.

डिसेंबरात बाबांचा व्हिसा संपतो.
एकतीस वर्षं एका गोदीच्या हिशेबात गेली,
आता कुडाळला दोन खोल्या घेतल्यात, विहीर सामाईक.
आई कप वर्तमानपत्रात गुंडाळते,
मध्येच एखादा परत सोडवते, चहा ओतते त्यात.
मी विचारलं, मग मी कुठे येऊ?
कुडाळला ये की, बाबा म्हणाले,
एखाद्या पाहुणीला म्हणावं तसं, मनापासून.

तिसऱ्या दिवशी
हात आपसूक लाल नळाकडे गेला.
पाणी गार होतं. मी बराच वेळ सोडून ठेवलं.
बाहेर खोक्यांवर चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत होता.
तो थांबला.
गीझर लावला नाहीस ना गं? बाबांनी विचारलं.
नाही, म्हटलं.
माहीत आहे मला.