कृपया वाट द्या

गुरुवारी आम्ही बाहेर जेवतो, मी आणि हालीना.
एक्स-रे विभाग साडेपाचला मिटतो,
शिशाचे एप्रन खुंटीला लागतात
आणि खांद्यांना कळत नाही
आता काय करायचं या हलकेपणाचं.

एडमंटन. जानेवारी. उणे सत्तावीस.
नाकातला श्वासही करकरतो.
हालीना म्हणते, सूप नसेल तर मी घरी निघाले.
म्हणून क्वाकबाईंचं दुकान :
आठ टेबलं, एक मत्स्यपेटी, तिच्यात एकच मासा,
भिंतीवर पदार्थांचे फोटो, उन्हानं विटून निळे झालेले.
निळं गोमांस, निळ्या शेवया, निळी कोथिंबीर.
आपण निळ्याकडे बोट दाखवायचं,
येतं ते तांबूस, वाफाळतं, चक्रीफुलाच्या वासाचं.

ऑक्टोबरात इथे रोबो आला.
छातीइतका उंच, पोटात तीन ताटं,
तोंडाच्या जागी पडदा, पडद्यावर मांजर.
हप्त्यांवर घेतलाय, क्वाकबाई सांगतात.
मुलगा गेला कॅलगरीला, मेहुण्याच्या टायरच्या धंद्यात.
आता हाच.
निदान उलट बोलत नाही.

बोलतो मात्र. वाटेत कुणी आलं की थबकतो,
डोळे मिचकावतो, लाडिक सुरात म्हणतो,
"कृपया वाट द्या."
वाडगा उचलून त्याच्या डोक्यावरचं बटण दाबलं
की "म्याव" करून माघारी वळतो.
पोरं मुद्दाम आडवी येतात.
ओरेस्त म्हणून एक आजोबा आहेत, सिटी बस चालवून निवृत्त,
ते दर वेळी खुर्ची सरकवून अर्धे उठतात
आणि त्याला म्हणतात, "सॉरी हं."
एकतीस वर्षं त्यांना कुणी वाट दिली नाही,
ते फेडतायत, असं हालीनाचं मत.
माझं मत, त्यांना ऐकू कमी येतं.

जेवण झालं की शेजारी, मांजरांच्या कॅफेत.
अर्ध्या तासाचे अठरा डॉलर, चहा वेगळा.
बूट काढा. हात धुवा. झोपलेल्यांना उठवू नका.
अकरा मांजरं. अकराही झोपलेली.
आम्ही मोज्यातले पाय पोटाशी घेऊन
विकतची झोप बघत बसलो.
मग हालीना म्हणाली,
"जाताना त्यानं फक्त राइस कुकर नेला."
ही गोष्ट ती दोन वर्षं सगळ्यांना सांगतेय,
टाळ्या देत, कॅन्टीनभर ऐकू जाईल अशी.
आज नियम होता म्हणून कुजबुजली,
आणि कुजबुजल्यावर ती विनोदी राहिली नाही.
एका बोक्यानं जांभई दिली,
कूस बदलली.
आमची पाच मिनिटं उरली होती, ती आम्ही वापरली नाहीत.

काल पुन्हा गेलो तर
रोबोचा पडदा काळा.
बॅटरी गेली. नवी यायला तीन आठवडे.
आणि क्वाकबाई, साडेचार फूट, मागून दोन्ही हातांनी
त्याला टेबलाटेबलाशी ढकलत नेतायत,
पोटात तीन वाडगे काठोकाठ.
हातानं नेता आले असते की. आठ तर टेबलं.
"हप्ता चालू आहे," त्या म्हणाल्या,
"नुसता बसवून कसा ठेवू?"

मत्स्यपेटीपाशी वळण अरुंद आहे.
तिथे त्या थांबल्या, दम घेतला,
आणि त्याच्याच लाडिक सुरात
दुकानाला उद्देशून म्हणाल्या,
"कृपया वाट द्या."

पोरं भिंतीला चिकटली.
ओरेस्त या वेळी पूर्ण उठले,
सॉरीबिरी काही नाही, पुढून हात लावला,
मान तिरकी करून मागचा अंदाज घेतला
आणि लांब बस वळवावी तसं
आधी बाहेर काढून, मग आत घेतलं.
सूप सांडलं. थोडंच.

आम्ही आमचे वाडगे उचलले.
हालीनानं सवयीनं बटण दाबलं.
काही वाजलं नाही.
आम्ही तिघी त्या काळ्या पडद्याकडे बघत उभ्या.

ओरेस्तनी घसा खाकरला
आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले,
"म्याव."

हालीना इतक्या मोठ्यानं हसली
की पेटीतला मासा
वळून बघायला आला.