सात टाकळ्या

शीटमध्ये चारशे बारा ओळी आहेत.
ए कॉलममध्ये गाव, बी मध्ये तालुका,
सी मध्ये महिन्याला किती वेळा शोधतात तो आकडा,
आणि डी मध्ये एकच वाक्य, खालपर्यंत ओढलेलं:
“____ मधील खात्रीशीर सबमर्सिबल पंप दुरुस्ती.”
मोकळ्या जागेत गाव आपोआप जाऊन बसतं.
एक ओळ म्हणजे एक पान.
मी ओळ भरते, नॉयडात कुणी बटण दाबतं,
आणि कुठल्याशा वडगावला
न मागता दुकानाची पाटी लागते.

हे काम मी तिवशाच्या अलीकडे,
आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून करते.
मशीन आत ढकललेली, पायडल तसंच.
विचार करताना पाय चालतो.

मंगळवारी निरोप आला: डुप्लिकेट काढा.
टाकळी सात वेळा आहे.
सारखी पानं शोधणारं यंत्र मागे लोटतं.
एक ठेवा, सहा उडवा;
नाहीतर जी कॉलममध्ये
प्रत्येकीचं वेगळं वर्णन लिहा,
एकशे पंचावन्न अक्षरांत.

तिथे काना, मात्रा, अनुस्वार, सगळ्यांना फुल तिकीट.
नुसतं ‘शेंदूरजना’ लिहिलं तर नऊ गेले.

नकाशात सातही पाहिल्या.
एक ठिपका, एक शाळा, एक मारुती.
शेवटी देवमन ढोके काकांकडे गेले.
चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर,
आता ओसरीवर लसूण निवडत होते.

त्यांनी डोळे मिटले, दोनदा घंटी दिल्यासारखा हात वर नेला
आणि मला डेपोतून बाहेर काढलं.

“पयली बाभुळवाली.
थ्या बाभळीले आपली गाडी घासली होती, रिव्हर्समध्ये.
दुसरी गाढव्यायची.
तिसरीत कोनी सुट्टे देत नाही, लिहून घे.
चौथी अन् पाचवी, मधात नाला.
इकळच्या पोरी तिकळे देल्या, तिकळच्या इकळे,
म्हून भांडनं सारे माह्या गाडीत.
साहावीची पोरं जागा धराले
खिडकीतून दप्तरं फेकत.
एखांद्या दिवशी नुसतं दप्तरच तालुक्याले जाय.”

मी लिहीत होते.
पंपाबद्दल त्यात काही नव्हतं.

“अन् सातवी?”

लसणाची एक पाकळी सोलून झाली.

“थे धरनात गेली.
पन भाड्याच्या तक्त्यात टप्पा होता, कोनी खोडला नाही.
लोकं पान्यापर्यंत तिकीट काढत.
मी फाळून देत होतो.
पैसे खरे, टप्पा खरा, उतरनारा माणूस खरा.
मंग?”

रात्री ओळ दोनशे तीन उघडली.
सी कॉलममध्ये दहा.
शून्य नाही, दहा.
महिन्यातून दहा वेळा कुणीतरी
त्या गावाचं नाव टाइप करतं
जिथे आता सगळंच सबमर्सिबल आहे,
चूल, उंबरा, ग्रामपंचायतीचा फळा.

उजवं बटण दाबलं की
‘ओळ काढा’ लगेच हाताशी येतं.
खाली पायडल चालत होतं, दोऱ्याशिवाय.

मग लिहिलं:
“टाकळी (जुनी). येथे सेवा उपलब्ध नाही.
गाडी पाण्यापर्यंत जाते.”

तपासणीचा हिरवा दिवा लागला.
वेगळेपणा शंभर टक्के;
इतका बाकीच्या चारशे अकरांत कुणालाच नाही.
नॉयडातून अंगठा आला.
वाचलं नसणार.

महिन्याचा रिपोर्ट:
बाभुळवाली, तीन क्लिक.
गाढव्यायची, काही नाही. चौथी-पाचवी, काही नाही.
जुनी टाकळी अकरा वेळा दिसली.
क्लिक एक.

काकांना सांगितलं.
वाटलं, आधी क्लिक म्हणजे काय ते समजवावं लागेल.
त्यांनी लसणाचं सूप बाजूला सरकवलं,
रस्त्याकडे पाहिलं,
आणि एवढंच विचारलं,

“कोन उतरलं?”