मधमाशीच्या आधी

ऑक्टोबर. इथे दक्षिणेत हा वसंत.
रोज सकाळी सातला मी जाळीचं कुलूप काढते,
बूट जंतुनाशकात बुडवते
आणि गुडघ्यांवर बसून
क्लोव्हरच्या कळ्या खुडते.

एकही गोंडा उमलता कामा नये.
परवान्यातलं अकरावं कलम. भाषा लांबलचक,
अर्थ इतकाच: मधमाशीच्या आधी पोच.

गेल्या साली याच मातीत साधा क्लोव्हर विटला.
पानांवर पिवळे डाग,
ओल्या कापडावर ब्लीच उडाल्यासारखे.
मावा येतो, सोंड खुपसतो, घोटभर पितो,
उष्टं तोंड घेऊन शेजारच्या पानावर जातो.
आपण काय वाहतोय त्याला ठाऊक नसतं.
तीन पावसाळ्यांत कुरणात नुसतं गवत उरतं,
आणि दूध किती घटलं ते ऑलिस्टर मॅकफी
बोटांवर मोजून सांगतो.

तो कुंपणाला टेकून विचारतो,
"काय घातलंयस यांच्यात?"
विषाणूचाच तुकडा, मी म्हणते. त्याच्या अंगरख्याचा कित्ता.
झाड आता तो अंगरखा घरीच शिवतं.
खरा विषाणू आत आला की
त्याला स्वतःचा उतरवताच येत नाही;
अंगरख्यातच अडकून बसतो.
"म्हणजे चोराच्या कपड्यातला राखणदार."
साधारण तसंच.
"आणि चोर नवे कपडे शिवून आला तर?"
मी पुढच्या रांगेकडे सरकते.

कुठल्या रांगेत काय लावलंय ते पाकिटात बंद आहे.
नोव्हेंबर लागला तसं पाकीट नकोसं झालं:
एक रांग डागाळलेली, एक काळपट हिरवी,
इतकी हिरवी की मॅकफीची गाय,
कानात २१७चा बिल्ला,
तारेतून मान घालून जीभ लांबवते.
वीतभर कमी पडते.
तिच्यासाठीच तर हे सगळं, आणि तिलाच मनाई.
डिसेंबरात सारं कापायचं, पिशव्यांत भरायचं,
वाफेच्या यंत्रात शिजवायचं.
त्या दिवशी प्रयोगशाळेत
जेवणाच्या वेळेसारखा वास सुटतो
आणि कुणालाच भूक नसते.

आज एकतीस नंबरच्या खुंटीमागे
एक गोंडा सापडला. पुरता उमललेला.
त्यावर मधमाशी.
मी कात्री धरून थांबले. ती घाईत नव्हती,
एकेका नळीत तोंड घालून
नीट तपासत होती, माझ्याहून नीट.
ती उडाली तेव्हा मी तो गोंडा कापला,
पिशवीत टाकला, चिकटपट्टी लावली.

मग वही. तारीख. वारा: मंद.
फुलं: १.
मधमाशी दिसली का? होय.
शेवटचा रकाना: कुठल्या दिशेला गेली?
पेन बराच वेळ तसंच हातात.
लिहिलं: वर.