चौथी रांग, बारावी खुर्ची

सामना चालू असताना कोर्ट पुसणं हे माझं काम.
कोणी पडला की शिट्टी वाजते,
मी रुंद फडकं घेऊन धावते,
माणसाच्या आकाराचा घाम चार सेकंदांत पुसून
परत माझ्या स्टुलावर.
सोळा वर्षं झाली. पानेवेझिसमध्ये लोक मला ओळखत नाहीत,
माझी पाठ ओळखतात.

मार्चमधला शेवटचा सामना रिकाम्या हॉलमध्ये झाला.
फर्मान दुपारी आलं, तिकिटं सकाळीच संपली होती.
साडेतीन हजार मिटलेल्या खुर्च्या,
आणि मला पहिल्यांदा ऐकू आलं
बूट किती किंचाळतात ते,
आमचे प्रशिक्षक, रविवारी चर्चमध्ये गाणारे,
कुठल्या थराच्या शिव्या देतात ते,
आणि चेंडू नुसत्या जाळीतून गेला
की कोणी शेजारच्या खोलीत जुनी चादर फाडावी
तसा एवढासा आवाज होतो.
सोळा वर्षं तो टाळ्यांखाली होता.

दोन गुणांनी हरलो.
हळहळायलाही कुणी नव्हतं.

चार दिवसांनी हंगाम संपला.
म्हणजे एका कागदावर तसं लिहून आलं.
त्या दिवशी आम्ही सातवे होतो, म्हणून सातवे.
उरलेल्या अकरा सामन्यांचं काय
याबद्दल कागदात ओळ नव्हती.
मेम्फिसचा लवोन्टे रातोरात निघाला,
रीगाहून शेवटचं विमान आहे म्हणे.
त्याची जर्सी माझ्या मशीनमध्ये ओलीच.
ती वाळवली, घडी घातली, कपाटात ठेवली.
महिन्याने त्याचा फोन: दानगुओले, माझा पगार?
म्हटलं, बाळा, मी फडकेवाली,
मलाही अर्धाच मिळालाय.
मग बराच वेळ आम्ही त्याच्या आईच्या गुडघ्याबद्दल बोललो.

मे महिन्यात इस्पितळाची माणसं आली,
खाटांसाठी मापं घेऊन गेली.
खाटा आल्या नाहीत.
तीन गुणांच्या रेषेच्या आत
खडूचे चौकोन राहिले, एकोणचाळीस.
मी मोजले. मग पुसले.

शरदात पुन्हा खेळ, पण प्रेक्षक पुठ्ठ्याचे.
वीस युरो आणि एक फोटो पाठवा,
तुमच्या खुर्चीत तुम्हाला बसवू.
लोकांनी लग्नातले फोटो पाठवले, कुत्र्यांचे पाठवले.
स्किरमांतासने पासपोर्टचा पाठवला.
निवृत्त बस ड्रायव्हर, चौथी रांग, बारावी खुर्ची,
कानांवर हात ठेवावे असा घसा.
रेफरी बुत्रिमासला तो अकरा वर्षं
एकाच नावाने हाक मारायचा: आंधळा चिचुंद्रा!
तो पुठ्ठा मात्र तोंड मिटून, सरकारी चेहऱ्याने बसला.

डिसेंबरात स्किरमांतास गेला.
इस्पितळातच. दफनाला दहाच जणांना परवानगी होती.
क्लबमध्ये चर्चा झाली, पुठ्ठा काढावा का?
हिशेबनीस म्हणाली, पैसे हंगामभराचे भरलेत.
तेवढ्यावर विषय मिटला.
सामन्याआधी मी सगळ्यांची धूळ झटकायचे,
त्याचीही. जास्त नाही, सगळ्यांइतकीच.

जानेवारीत, तिसऱ्या क्वार्टरमध्ये,
एक सैरभैर चेंडू चौथ्या रांगेत उडाला
आणि स्किरमांतास पालथा पडला.
बुत्रिमासने शिट्टी वाजवली.
घाम सांडला नव्हता, कोणी जखमी नव्हतं,
तरी घड्याळ थांबलं.
मी सवयीने फडकं घेऊन उठले, उभीच राहिले.
त्याने मास्क नाकावर ओढला,
जड पोटाचा माणूस, कठडा धरत वर चढला,
पुठ्ठा उचलला, खुर्चीत नीट टेकवला,
कॉलरवरून बोट फिरवलं.
दोन्ही संघ कमरेवर हात ठेवून बघत होते.
मग खाली आला, चेंडू मागून घेतला.

पुढच्याच मिनिटाला त्याने आमच्याविरुद्ध फाउल दिला.
साफ चुकीचा. मला स्टुलावरून दिसला.
मी चौथ्या रांगेकडे पाहिलं.
बुत्रिमासनेही पाहिलं.